गौराबाईच्या डोक्यावरची बॅटरी

चौक फाट्यावरून गौराबाई डोक्यावर बॅटरी घेऊन निघाली की मुंबईहून आलेल्या माणसांना वाटे, ही काहीतरी विकायला निघाली आहे. बंद पडलेल्या गाडीजवळ ती जाऊन उभी राही आणि गाडीतला माणूस हात हलवून तिला पुढे घालवू पाही. एकदा आमच्या दवाखान्यासमोरच एक फियाट थांबली होती. मालक बॉनेट उघडून आत बघत उभा होता. गौराबाई त्याच्या शेजारी जाऊन थांबली.

"नहीं चाहिये बाई, भाजी नहीं चाहिये."

"भाजी नाय शेट, करंट हाय," ती म्हणाली. "घेता का मागं नेऊ?"

समोरच्या लडकूच्या चहाच्या टपरीवर हशा पिकला. गौराबाई हसली नाही. तिने एवढंच म्हटलं, "हात लावा."

डोक्यावरचं ओझं एकट्याने उतरवता येत नाही. चढवायला कोणी लागतं तसं उतरवायलाही लागतं. आमच्या भागात बाई भारा किंवा हंडा घेऊन दारात उभी राहिली आणि "हात लावा" म्हणाली, की हातातलं काम टाकून उठायचं असतं. मुंबईच्या लोकांना हे माहीत नसे. काहींना ॲसिडची भीती वाटे, टेरिलीनच्या शर्टाला भोक पडेल म्हणून. मग ते इकडेतिकडे बघत. गौराबाई दुसऱ्यांदा सांगत नसे. त्या जड चौकोनी बॅटरीखाली तशीच उभी राही. शेवटी तो माणूस पुढे येई.

आम्ही चौकला राहायला आलो ते एकोणीसशे एकोणसाठ साली. माझ्या यजमानांनी तिथे दवाखाना काढला. माझं बी.ए.पर्यंतचं शिक्षण पुण्यात झालेलं. मुंबई–पुणे रस्त्यावरचं ते गाव मला सुरुवातीला गाव वाटतच नसे. गाड्या थांबण्यासाठीच ते वसलं आहे असं वाटे. फाट्यावर मोहियुद्दीनभाईंचं बॅटरीचं दुकान होतं. ते मूळचे खाडीकडचे, थळ-रेवस बाजूचे. पत्र्याच्या शेडमध्ये बॅटऱ्या ओळीने चार्जिंगला लावलेल्या असत आणि आंबट उग्र वास रस्त्यापर्यंत येई. रस्त्यात कुणाची बॅटरी बसली की दुकानातली भरलेली बॅटरी तिथे न्यायची, वायरी जोडून गाडी सुरू करून द्यायची आणि बॅटरी परत आणायची, असं काम असे. ते काम हिरू करी. हिरू म्हणजे गौराबाईचा नवरा.

हिरू बॅटरी सायकलच्या कॅरियरला बांधून नेई. रस्ता खडबडीत, त्यात सायकलचे धक्के. पोचेपर्यंत बॅटरीतून ॲसिड उसळून कॅरियर, मडगार्ड आणि हिरूची पॅंट, सगळ्यांना भोकं पडलेली असत. एक दिवस तो खोपोलीला कागदाच्या मिलमध्ये काम बघायला म्हणून गेला आणि तिकडेच राहिला. तिकडे त्याने दुसरी बाई केली आहे हे गावाला कळलं तेव्हा गौराबाईला ते आधीच कळलेलं होतं. तिची मुलगी जना तेव्हा जेमतेम चालायला लागून थोडे दिवस झाले होते.

"हिरूनं बायको हितं ठेवली आन सायकल नेली," लडकू टपरीवरून तिला ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हंजे सायकलच ज्यादा आवडीची."

"सायकल बोलत नाय ना रं," गौराबाई म्हणाली.

हे ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली. हिरूचा जेवणाचा डबा दुकानात राहिला होता, तो न्यायला ती आली होती. मोहियुद्दीनभाई आत डोक्याला हात लावून बसले होते. लोधिवलीजवळ एका मारवाड्याची गाडी बंद पडली होती, त्याने निरोप पाठवला होता. बॅटरी तयार होती. न्यायला माणूस नव्हता, आणि सायकल तर खोपोलीला.

"द्या हिकडं," गौराबाई म्हणाली.

"काय देऊ?"

"ते खोकं. लोधिवली म्हंजे माजं माहेर. पाण्याचं दोन हंडे नेते मी डोक्याव, ह्ये काय जड हाय?"

"अगो, पाणी नाय ते. ॲसिड हाय. सांडला तर कातडी जाईल."

"पाणी तरी कुटं सांडते मी?"

त्यांच्या बायकोने, शकिलाने, आतून येऊन हात लावला. पोरीला तिच्याकडे ठेवून गौराबाई गेली आणि गाडी सुरू करून आली. वायरी मारवाड्याच्या ड्रायव्हरने जोडल्या. बॅटरीवर ॲसिडचा एक थेंब नव्हता. मोहियुद्दीनभाईंनी बॅटरी चारी बाजूंनी फिरवून बघितली. सायकलवरून कधीच अशी कोरडी परत आली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून हिरूचं काम गौराबाईचं झालं.

तिची रीत ठरून गेली. लुगड्याच्या चिंधीच्या चुंबळीवर ट्यूबच्या रबराचा एक गोल तुकडा. खांद्यावर वायरींचं वेटोळं. कनवटीला धुण्याच्या सोड्याची पुडी, कुठे ॲसिड लागलंच तर चोळायला. बॅटरी चार्जिंगला लावताना तिच्या कप्प्यांवरची बुचं सैल करून ठेवतात, नाहीतर आत वाफ कोंडते. नेताना ती परत घट्ट करायची असतात. मोहियुद्दीनभाई ती घट्ट करीत, तरी डोक्यावर घेण्याआधी गौराबाई सगळी बुचं अंगठ्याने पिळून बघे. वायरी जोडायलाही ती वर्षभरात शिकली. काही जुन्या विलायती गाड्यांत वायरींची जोडणी उलटी असते, ते ती आधी बघून घेई. मग ड्रायव्हरला सांगे, "मारा सेल्फ." इंजिन लागलं की वायरी सोडवून वेटोळं खांद्यावर, आणि पुन्हा "हात लावा".

बहुतेक काम रविवारी असे. मुंबईची माणसं सहलीला येत, नदीकाठी गाडी लावत, रेडिओ चालू ठेवून जेवत, पत्ते खेळत, आणि निघायच्या वेळी गाडी गप्प. धक्का मारावा तर गाडी उतारावर नदीकडे तोंड करून उभी. एकदा एका नवरदेवाची गाडी फाट्यावरच बसली. मुहूर्त टळेल म्हणून सगळे घाबरलेले. गौराबाई बॅटरी घेऊन आली तर नवऱ्याची आत्या पुढे झाली आणि तिने बॅटरीलाच हळदकुंकू लावलं. तिच्याकडे ओवाळायचं तबक तयार होतं, तिने ओवाळलंही. गौराबाई बॅटरीखाली न हलता उभी.

"झालं का आत्याबाय?" ती म्हणाली. "नवरा थांबंल, माजी मान थांबायची नाय."

ते वऱ्हाड गेल्यावर लडकूने विचारलं, "आता बॅटरीचं लगीन कुणाशी गं?"

"तुज्याशी लावते. तुला बी कुणी देत नाय."

असं बोलणं ती चटकन करी. पण तिचा चेहरा त्या बोलण्याबरोबर हलत नसे. हिरू गेल्यापासून तो तसाच होता, असं शकिला मला सांगे. एकदा दवाखान्यात ती काहीतरी दाखवायला आली होती तेव्हा मी तिच्या टाळूवर पाहिलं. चुंबळ बसते तिथले केस गेलेले होते आणि कातडी जाड, गुळगुळीत झाली होती.

"दुखत नाही का?" मी विचारलं.

"तितं चिमटा काडला तरी कळत नाय बाई. बरंच हाय."

गौराबाईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती तिने कधी लपवली नाही. जनाच्या डोक्यावर चुंबळ चढता कामा नये. विहिरीचं पाणी ती स्वतः भरी. जना फार तर कमरेवर कळशी घेई. वाडीतल्या बायका टोमणे मारत, "लेकीला राणी करतीस का गं?" गौराबाई म्हणे, "मास्तरीण करते." जनाचे केस दाट होते. दर शनिवारी गौराबाई तिला पायरीवर बसवून केसांना तेल लावी आणि घट्ट दोन वेण्या घाली. जना आणि माझी मुलगी नंदा एका वर्गात होत्या. जना गणितात नंदापेक्षा हुशार, हे मला कबूल करायला हरकत नाही, नंदालाही नव्हती. संध्याकाळी दोघी माझ्याकडे इंग्रजी शिकायला बसत. गौराबाई कामावरून येताना दाराशी थांबे, आत यायची नाही, ॲसिडचा वास येतो म्हणून. पोरीचं डोकं पुस्तकात आहे एवढं बघून जाई.

नियम असले तरी पोर वाडीतली होती. शेजारच्या कोंडीबरोबर, वाडीतल्या अंबूबाईच्या सुनांबरोबर जना लपूनछपून हंडे नेई. डोक्यावर ओझं कसं धरायचं ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या मुली चालायला लागतात तेव्हापासूनच ते बघतात. हंडा भरलेला असला की थोडं पाणी हिंदकळतं, कपाळावरून डोळ्यात येतं. तेव्हा तो डोळा मिटायचा आणि चालत राहायचं. हंडा टाकायचा नाही. थांबायचंही नाही, थांबलं की जास्त हिंदकळतं. हात लावणारं कोणी भेटेपर्यंत चालायचं. पाण्याच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे.

चौऱ्याहत्तर साली जना अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होती. थंडीचे दिवस होते आणि रविवार होता. गौराबाई तापाने पडली होती. आज येत नाही हे सांगायला तिने जनाला दुकानात पाठवलं. मोहियुद्दीनभाई ॲसिड आणायला पनवेलला गेले होते. दुकानात शकिला एकटी होती आणि तिच्यासमोर एक तरुण उभा होता. कर्जतच्या रस्त्याला नदीकाठी त्यांची गाडी बसली होती, बरोबर म्हातारी माणसं होती. निरोप सांगून तो परत गाडीकडे पळाला.

शकिला जनाला म्हणाली, "तुझी आय नाय, हे पण घरात नाय. ऱ्हाव दे. शेटला थांबू दे."

"मी नेते की, शकिलाचाची."

"तू? तुझी आय मला जिवंत ठेवंल काय?"

"तिला कशाला सांगायचं? एवढंसं तर जायचंय."

नंतर पुष्कळ वर्षं शकिला हे संभाषण सांगत राही. मी नको म्हटलं होतं, असं ती म्हणे आणि मग थांबे. कारण तिने हात लावला होता. बॅटरी चार्जिंगवरून काढलेली होती. बुचं वर बसलेली दिसत होती. ती घट्ट आहेत की सैल, हे नुसतं बघून कळत नाही, पिळून बघावं लागतं. शकिलाने कधी पिळली नव्हती आणि जनाला ते बघायला तिच्या आईने दुकानात कधी उभं राहू दिलं नव्हतं.

रस्त्यात काय झालं ते जनाने सांगितलं तेवढंच आम्हाला माहीत आहे. निघाल्यावर थोड्या वेळाने डाव्या कानामागे ओलं लागलं. तिला घाम वाटला. मग चुरचुरायला लागलं. मग कपाळावरून एक ओघळ डाव्या डोळ्याकडे आला, तेव्हा तिने डोळा मिटला आणि चालत राहिली. रस्त्यावर कोणी नव्हतं. एक बैलगाडी लांब पुढे गेलेली दिसत होती, तिला हाक मारून उपयोग नव्हता. डोळ्याची आग सुरू झाली. बॅटरी खाली टाकावी असं तिच्या मनात आलं का, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "नाही. टाकतात असं माहीतच नव्हतं." मिटलेल्या डोळ्यात जे गेलं होतं ते आतच राहिलं. गाडीपर्यंत ती पोचली. तिने म्हटलं, "हात लावा." तरुणाने हात लावला, बॅटरी खाली ठेवली, मग तिच्याकडे बघितलं आणि त्याची आई ओरडली.

जनाने धावत जाऊन नदीत डोकं घातलं. त्यामुळे चेहरा वाचला आणि दुसरा डोळाही वाचला, असं यजमान म्हणाले. त्या लोकांनी वायरी जोडल्या. गाडी सुरू झाली, तिने आणलेल्या बॅटरीवरच. त्याच गाडीतून त्यांनी तिला दवाखान्यात आणलं.

यजमान तिचा डोळा पाण्याने धूत होते, मी भांडं धरलं होतं. पाणी संपलं की मी नवीन आणत होते. जना रडत नव्हती. दातावर दात घट्ट ठेवून पडली होती. कोणीतरी गौराबाईला बोलावून आणलं. ती अंगावर घोंगडी घेऊन दारात आली, ताप होताच. तिने पोरीकडे बघितलं. कोणी नेलं, कोणी पाठवलं, असलं काही विचारलं नाही. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळाने तिने कनवटीची सोड्याची पुडी काढली आणि माझ्यापुढे धरली. यजमान म्हणाले, "डोळ्याला नको ते." तिने पुडी परत खोचली.

त्याच गाडीने जनाला मुंबईला मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. यजमान बरोबर गेले. गौराबाईही गेली. पुढचे काही आठवडे ती तिथे व्हरांड्यात राहिली. मी दोनदा भेटायला गेले. जनाच्या दोन्ही डोळ्यांना पट्ट्या होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बायका तिला विचारत, काय गं, उजेड कळतो का? दुखतं का? वॉर्डमधल्या आयासुद्धा विचारत. गौराबाई तिच्या खाटेशी बसून असे. भात भरवी, पाणी पाजी, वेण्या घाली. डाव्या बाजूचे केस कापून टाकले होते, तिथे ती वेणी अर्ध्यावरून सुरू करी. पण डोळ्याबद्दल तिने एकदाही काही विचारलं नाही. डॉक्टर खाटेशी आले की ती उठून व्हरांड्यात जाई.

पट्ट्या काढल्या त्या दिवशी मी तिथे होते. नर्स उजवीकडून कापूस काढत होती. गौराबाई खाटेच्या डाव्या बाजूला उभी होती, अगदी जवळ, खाटेचा दांडा धरून. जनाने डोळे उघडले, थोडी थांबली, माझ्याकडे बघितलं, नर्सकडे बघितलं आणि म्हणाली, "आय कुठं हाय?"

खाटेच्या पायथ्याकडून वळसा घालून गौराबाई उजव्या बाजूला आली आणि मग म्हणाली, "हितं हाय."

डाव्या बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. डोळा जागेवर राहिला, नजर गेली.

घरी परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गौराबाई दुकानात उभी होती. वाडीत लोक बोलले. बाई आहे का दगड, असं अंबूबाई माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. मलाही तेव्हा तसंच वाटलं. मी नंदाला त्या दिवसांत एकटी विहिरीवरसुद्धा जाऊ देत नव्हते, आणि ही पुन्हा तीच बॅटरी डोक्यावर घ्यायला गेली.

मोहियुद्दीनभाई तिला बघून उठून उभे राहिले.

"गौराबाय, मी हे बंद करतो. गाड्या बसल्या तर बसू देत. ज्याला पायजे तो इथं येईल."

"गाडी बसली म्हंजे हितं कशी यील, भाई?"

ते बुचं पिळू लागले. एकदा पिळली, परत पिळली, आणि तिसऱ्यांदा पिळायला गेले. गौराबाईने त्यांना बाजूला केलं आणि स्वतः पिळली. मग इकडेतिकडे बघितलं.

"हात लावाया कोन हाय? शकिलाबाय कुटं?"

शकिला त्या दिवसापासून दुकानात आलेली नव्हती. मागे घरात असे, बाहेरचं दार लावून. गौराबाई दुकानातून निघून मागच्या दाराशी गेली. कडी वाजवली.

"शकिलाबाय, बाहेर या. गाडी थांबलीय."

आतून रडण्याचा आवाज आला. "मला तोंड दाखवायला जागा नाय गो."

"तोंड नको दाकवू. हात लाव."

शकिला आली. डोक्यावरून पदर पुढे ओढून घेतला होता. तिने बॅटरी उचलून गौराबाईच्या डोक्यावर ठेवली. गौराबाई गेली. त्या दोघींत या विषयावर यापेक्षा जास्त बोलणं कधी झालं नाही, असं शकिलानेच मला सांगितलं.

जना मात्र शाळेत जाईना. मुली वाईट नव्हत्या, पण वर्गातल्या एकीने मागून "काणी" म्हटलेलं तिने ऐकलं होतं. नंदा रोज तिला बोलवायला जाई आणि एकटी परत येई. मग जनाने आईला सांगितलं, मी भाईंच्या दुकानात बसते. चार्जिंग बघते, हिशेब ठेवते. मोहियुद्दीनभाई तयार होते. कशालाही तयार झाले असते.

हे मी ऐकलं, कारण मी त्यांच्या घरी गेले होते. गौराबाई चुलीपुढे बसली होती.

"दुकानात नाय," ती म्हणाली.

"तू करतेस ते चालतं?" जना म्हणाली.

"मी करते म्हनूनच नाय."

"मग कुठं जाऊ? असं तोंड घेऊन शाळेत?"

"हां."

"तुला काय वाटतच नाय, आय!" जना ओरडली. "एकदा तरी इचारलंस का, मला किती दिसतं ते? सगळं गाव इचारतं. तू नाय इचारलंस."

गौराबाई चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिली. मला वाटलं, ती आता काहीतरी म्हणेल. ती उठली, जनाच्या उजव्या बाजूला येऊन बसली, तिच्यापुढे ताट ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, उद्यापासनं हिला तुमच्याकडं पाटवते. शाळेत नाय गेली तर नाय. तुमी शिकवा. परीक्षा दीऊ द्या."

जना आली. पुस्तक थोडं तिरकं धरून, मान डावीकडे वळवून वाची. पानावरचा मजकूर तिला पूर्वीपेक्षा उशिरा सापडे, सापडला की मात्र चुकत नसे. त्या वर्षी परीक्षा हुकली. पुढच्या वर्षी तिने बाहेरून फॉर्म भरला, खोपोलीच्या केंद्रावर परीक्षा दिली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. अलिबागला मास्तरणींच्या ट्रेनिंगला अर्ज केला. डोळ्यामुळे अडचण निघाली, यजमान दोन वेळा अलिबागला जाऊन आले, आणि शेवटी निभावलं. मुलींच्या वसतिगृहात राहायची सोय झाली.

गौराबाईला हे सांगायला मीच गेले. ती रस्त्यावर होती, डोक्यावर बॅटरी होती. मी बरोबरीने चालत सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली आणि चालत राहिली.

जायच्या दिवशी सकाळी जनाची पत्र्याची ट्रंक गौराबाईने स्वतः डोक्यावरून एस.टी.च्या थांब्यावर आणून ठेवली. जना म्हणाली, एका बाजूने मी धरते, तर तिने ऐकलं नाही. नंदाही त्याच गाडीने पनवेलला कॉलेजात निघाली होती. मी नंदाला सूचना देत होते. पैसे कुठे ठेवायचे, पाणी कुठलं प्यायचं, खिडकीतून हात बाहेर काढायचा नाही. नंदा "हो आई, हो आई" म्हणत होती. गौराबाई जनाच्या उजवीकडे उभी होती. एस.टी.ला उशीर होता.

तेवढ्यात मोहियुद्दीनभाईंच्या दुकानाकडून हाक आली. लोधिवलीच्या अलीकडे एक अँबॅसडर बंद पडली होती. आत बाळंतीण होती, पनवेलला न्यायची होती.

जनाने आईकडे बघितलं. "जा," ती म्हणाली. "बाळंतीण हाय ना."

"येते," गौराबाई म्हणाली. तिने जनाच्या डोक्यावरून हात फिरवला, कापलेले केस पुन्हा वाढले होते त्या बाजूवरून, आणि गेली. थोड्या वेळाने ती डोक्यावर बॅटरी घेऊन पनवेलच्या दिशेने रस्त्याच्या कडेने चालताना आम्हाला लांबून दिसली, मग वळणावर दिसेनाशी झाली. त्यानंतर एस.टी. आली. मी दोघींना चढवलं, ट्रंक वर टपावर गेली, गाडी हलली. मी गाडी जाईपर्यंत हात हलवत होते.

दुपारी गौराबाई आमच्या मागच्या दाराशी आली. नेहमीप्रमाणे बाहेर उभी. मी तिला विचारलं, बाळंतीण पोचली का?

"पोचली. गाडी लागली लगेच." मग म्हणाली, "यस्टी माज्या बाजूनं गेली, बाई."

"मग दिसली का जना?"

"कशी दिसंल? डोक्याव बॅटरी. मान वळवता येत नाय. हार्न वाजला, वारा लागला, गेली." मग तिने विचारलं, "कुटल्या बाजूला बसली व्हती?"

"डाव्या खिडकीशी," मी म्हटलं. "मीच बसवली. नंदा तिच्या शेजारी."

रस्त्याची डावी कड म्हणजे गौराबाई चालत होती ती. आणि डावी खिडकी म्हणजे जनाचा तो डोळा. हे मला म्हणून झाल्यावर लक्षात आलं. गौराबाईच्या लक्षात आधीच आलं होतं. ती दाराच्या चौकटीकडे बघत उभी राहिली. चेहऱ्यावर नेहमीसारखंच काही नव्हतं.

"मंग तिनं मान वळवली आसंल," ती म्हणाली. "तिच्या डोक्याव काय व्हतं? कायच नव्हतं. वळवली आसंल."

मी म्हटलं, "हो, वळवली असेल."

"हां," ती म्हणाली, आणि दुकानाकडे गेली.